किरणोत्सारी दगडांचा छंद: काय जमवावं, काय करून पाहावं, कशापासून लांब राहावं

खडकवेडा

वाघोलीच्या कॅव्हनसाइट या निळ्या खनिजाच्या धाग्यात मी कार्नोटाइट या युरेनियमच्या खनिजाचं नाव काढलं आणि मूळ चर्चा बाजूलाच पडली. म्हणून हा वेगळा धागा.

आधी खुलासा. मी डेन्व्हरला राहतो. अमेरिकेत युरेनियमचं कच्चं, कसलीही प्रक्रिया न केलेलं खनिज बाळगायला परवाना लागत नाही. तोच दगड कुटून, आम्लात घालून त्यातून काही वेगळं काढायला गेलात की ही सूट संपली. भारतातला कायदा पुष्कळ कडक आहे, त्यावर जाणकारांनी लिहावं. तोवर हे वाचून कोणी ऑनलाइन ऑर्डर टाकू नका.

कोलोरॅडोच्या पश्चिमेला वालुकाश्माच्या थरांत कार्नोटाइट मिळतं. हळदीसारखं पिवळंजर्द, आणि हळदीसारखंच बोटाला लागणारं. त्या भागात आधी रेडियमसाठी खणलं, मग पोलादात घालायच्या व्हॅनेडियमसाठी आणि शेवटी युरेनियमसाठी. युरेनियम काढून घेतल्यावर गिरणीत जी बारीक वाळू उरायची ती ग्रँड जंक्शन गावात घरांच्या पायाखाली भराव म्हणून सर्रास वापरली. युरेनियम गेलं होतं, पण रेडियम वाळूतच होतं आणि त्यातून रेडॉन वायू सुटत होता. १९७२ पासून सरकारी खर्चाने ती वाळू लोकांच्या घरांखालून उपसावी लागली. आमच्या छंदाचे सगळे नियम मला या एका प्रकरणात दिसतात. दगडातून निघणारे किरण चार हातांवरून फारसं काही करत नाहीत. धूळ आणि वायू करतात.

माझ्याकडे काय आहे? कार्नोटाइटचे वालुकाश्मातले तुकडे, वॉशिंग्टन राज्यातल्या डेब्रेक खाणीतलं ऑट्युनाइट, टॉर्बर्नाइटचे हिरवे चौकोनी पापुद्रे (ही तिन्ही युरेनियमची खनिजं), थोरियम असलेल्या मोनाझाइटचा एक तपकिरी स्फटिक, आणि पिचब्लेंड या युरेनियमच्या काळ्या खनिजाचा सुपारीपेक्षा लहान तुकडा. पाहुणे ऑट्युनाइटवर खूश होतात, कारण अतिनील दिव्याखाली ते पोपटी हिरवं पेटतं. माझा जीव मात्र टॉर्बर्नाइटवर. १८९८ मध्ये मारी क्यूरी यांनी याच खनिजाचा (तेव्हाचं नाव चाल्कोलाइट) किरणोत्सर्ग मोजला, तर तो त्यातल्या युरेनियमच्या मानाने जास्त निघाला. त्यांनी काय करावं? प्रयोगशाळेत शुद्ध रसायनांपासून तंतोतंत तेच खनिज बनवलं आणि पुन्हा मोजलं. बनवलेलं नैसर्गिकापेक्षा कितीतरी मंद! म्हणजे खाणीतल्या दगडात आणखी कोणीतरी लपलेलं होतं. त्याच वर्षी पोलोनियम आणि रेडियम जाहीर झाले. रेडियमची टनावारी पिचब्लेंड ढवळणारी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण मला ही तुलनेची युक्ती जास्त भारी वाटते.

आता माझी शिस्त. प्रत्येक नमुना झाकणाच्या पारदर्शक डबीत, डबी झिप पिशवीत. ऑट्युनाइट हवेत पाणी सोडतं आणि मग त्याचे पापुद्रे सुटून भुगा होतो, म्हणून ते डबीबाहेर कधीच काढायचं नाही. पेटी गॅरेजमधल्या हवेशीर कोपऱ्यात, कुलपात, झोपायच्या खोलीपासून लांब. हाताळताना हातमोजे, खाली ट्रे आणि त्यावर कागद, खाणंपिणं बंद, नंतर साबणाने हात. कोरड्या ब्रशने झाडणं, घासणं, कापणं, पॉलिश करणं अजिबात नाही. खाणींच्या बोगद्यात शिरायचं नाही, कारण तिथे रेडॉनच्या आधी कोसळणारं छत आणि कोंडलेली हवा मारते. बाहेरच्या टाकाऊ ढिगावरून उचलायचं, तेही जागेच्या मालकाला विचारून.

मोजायला गायगर काउंटर आहे, किरण आले की टिकटिक करणारं यंत्र. नवख्यांसाठी एक सांगतो: स्वस्त यंत्राच्या पडद्यावरचा मायक्रोसिव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचा) आकडा दगडाला चिकटवून वाचला तर तो फुगलेला असतो. यंत्र गॅमा किरणांसाठी जुळवलेलं असतं आणि दगडातून बीटा कण भरमसाट येतात. मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जाडसर पत्रा धरा, आकडा धाडकन खाली येतो. दहा सेंटिमीटरवरून एक मीटरवर गेलात तर साधारण शंभरपट कमी. हे दोन प्रयोग दहावीच्या मुलालाही करता येतात.

विचारा काय ते.

सासवडची_सून

लेख आवडला, पण आमच्याकडे वेगळाच प्रश्न आहे. आम्ही न्यू जर्सीला असतो. नवऱ्याने परवा एका खनिज प्रदर्शनातून असाच दगड आणलाय आणि तो टीव्हीच्या शेजारी शोकेसमध्ये ठेवलाय. घरात पावणेदोन वर्षांचं लेकरू, जे दिसेल ते तोंडात घालणारं. मी म्हणते बाहेर काढा, ते म्हणतात तुला भौतिकशास्त्र कळत नाही.

खडकवेडा

ताई, या भांडणात मी तुमच्या बाजूने. दगड शोकेसमध्ये असेपर्यंत बाळाला फार काही होत नाही, हे भाऊजींचं म्हणणं बरोबर. पण एवढंसं मूल आणि भुगा होणारं खनिज एका छपराखाली नको. बाळाच्या पोटात गेलेला कण आतून, अगदी जवळून मारा करतो. आत्ता डबाबंद करून गॅरेजमध्ये, मूल शाळेत जाईपर्यंत. शेल्फ ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेका. झाडू किंवा व्हॅक्यूम नको, धूळ उडते.

टवाळखोर

अंधारात हिरवे चमकतात का हो? आमच्या चाळीत लाइट गेली की एक बाळगू म्हणतो. (ह. घ्या.)

खडकवेडा

नाही चमकत. आणि अतिनील दिव्याखाली चमकणं व किरणोत्सारी असणं यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. पिचब्लेंड आमच्या सगळ्या संग्रहात सर्वांत तिखट, पण दिव्याखाली काळं ठिक्कर. उलट नाशिककडचं पॉवेलाइट लघुलहरी अतिनील दिव्याखाली सुंदर पिवळसर दिसतं आणि त्यात किरणोत्सर्ग नावालाही नाही. चमकच हवी असेल तर महाराष्ट्रातल्या माणसाने पॉवेलाइट शोधावं. जगभरचे संग्राहक त्यासाठी रांगेत असतात.

ट्रॉम्बे_निवृत्त

चांगला धागा. प्रारण-सुरक्षेत नोकरी गेली, म्हणून थोडं गणित मांडतो. "हवेशीर कोपरा" असं खडकवेडा सहज लिहून गेले, पण सगळी मेख तिथेच आहे.

समजा १०० ग्रॅमचा पिचब्लेंड आहे आणि त्यात निम्मं युरेनियम. एका ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात, म्हणजे १२,४०० बेकरेल. युरेनियम फुटून एकापाठोपाठ एक मूलद्रव्यं बनत जातात, आणि जुन्या, न छेडलेल्या दगडात या साखळीतला रेडॉनही तितकाच तयार होत असतो. ५० ग्रॅमला झाले ६ लाख २० हजार. यातला बहुतेक रेडॉन दगडातच अडकून राहतो. फक्त एक टक्का बाहेर पडतो असं धरू, म्हणजे ६,२०० बेकरेल. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, म्हणजे २८ घनमीटर. खिडक्या-दारं गच्च बंद राहिली तर काही आठवड्यांत घनमीटरला सुमारे २२० बेकरेलपर्यंत पोचेल. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी १०० आहे.

आता त्याच खोलीत दर तासाला निम्मी हवा बदलू द्या. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, ३.८ दिवस. क्षय होऊन संपायच्या कितीतरी आधी तो खिडकीतून निघून जातो, आणि आकडा येतो तीनच्या आसपास. दगड तोच. सबब, पेटी बंद कपाटात नको आणि तळघरात तर नकोच.

थोरियमच्या खनिजांचं थोडं निराळं. त्यातून येणाऱ्या थोरॉनचं (रेडॉनचंच एक रूप) अर्धायुष्य ५६ सेकंदांच्या आत आहे. डबीच्या झाकणापर्यंत पोचायच्या आतच त्याचा बराचसा भाग संपतो.

आगाऊ_कार्टा

काका, मग केरळात लोक मोनाझाइटच्या वाळूवर पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांना काही होत नाही म्हणतात. मग एवढा बाऊ कशाला?

ट्रॉम्बे_निवृत्त

चांगला प्रश्न, पण निष्कर्ष घाईचा. जगात माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी याच्या कितीतरी पट. तिथल्या लोकांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही, हे खरं. पण तो मुख्यतः बाहेरून अंगावर येणारा गॅमा. मोनाझाइटचा कणही चिवट असतो, सहज विरघळत नाही. घरी दगड घासून उडवलेली बारीक धूळ फुप्फुसात जाणं ही वेगळी गोष्ट. अल्फा कण कातडीवरच्या मृत थरातच थांबतो, पण फुप्फुसात असा थर नाही.

कोकणी_गजाली

आमच्या रत्नागिरीकडे काळबादेवी-मालगुंडच्या बाजूला किनाऱ्यावर काळी वाळू असते. तिच्यातही हे मोनाझाइट असतंय काय? लहानपणी आम्ही लोहचुंबक फिरवून केस उभे केलेले.

ट्रॉम्बे_निवृत्त

ती मुख्यतः इल्मेनाइट, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. चुंबकाला उभी राहिलेली बहुतेक मॅग्नेटाइट. मोनाझाइटचे नाव घेण्यासारखे साठे केरळ, तामिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट या बाबतीत गरीब आहे. त्यात युरेनियम दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी, ग्रॅनाइटात तीन ते पाच. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरातला दक्षिणेकडून आणलेला लाल ग्रॅनाइटचा ओटा बाहेरच्या कातळापेक्षा काउंटरवर किंचित जास्त टिकटिक करतो, तो यामुळे. त्याने काही होत नाही, ओटे फोडू नका.

केरळच्या वाळूचा किस्सा मात्र सांगण्यासारखा. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. तेव्हा युरोपाला थोरियम हवं होतं ते बत्तीच्या मँटलसाठी, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीसाठी. हे मँटल शोधणाऱ्या आउअर फॉन वेल्सबाखने ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड असं मिश्रण ठरवलं होतं, आणि कच्चा माल ब्राझीलमधून यायचा. काथ्याने ती मक्तेदारी मोडली. स्वतंत्र भारतात १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स स्थापन झाली आणि अलुवाचा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला.

कोकणी_गजाली

म्हणजे दशावताराला जी पेट्रोमॅक्स लावायचे, तिच्या मँटलात थोरियम?

ट्रॉम्बे_निवृत्त

होय. आता बऱ्याच मँटलांत इट्रियम वापरतात, पण जुन्या मँटलात थोरियमच. घरी जुनं पाकीट असेल तर तसंच बंद राहू द्या. जळलेलं मँटल नुसत्या फुंकरीने विरतं आणि ती राख नाकात जाते. मँटल बदलून हात न धुता विडी वळणारे बत्तीवाले मी पाहिलेत.

वकील_साहेब

भारतापुरतं थोडक्यात. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यापासून युरेनियम आणि थोरियम हे विहित पदार्थ आहेत. मिळवणं, बाळगणं, विकणं, आयात-निर्यात, सगळं सरकारच्या परवानगीच्या कक्षेत. नियम बदलत असतात, ताजा मजकूर पाहावा, पण "मला ठाऊक नव्हतं" हा बचाव कुठल्याच काळात चालत नाही. परदेशातून टपालाने नमुना मागवणं म्हणजे कस्टमला आमंत्रण.

२०२१ च्या मे महिन्यात मुंबईत एटीएसने दोघांना सात किलो नैसर्गिक युरेनियमसह पकडलं. माल भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासला, पुढे तपास एनआयएकडे गेला. बातम्यांत किंमत २१ कोटी! त्या वर्षी जागतिक बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला तीसेक डॉलर होता. हिशेब करा, सात किलोचे पन्नास हजार रुपयेही होत नाहीत. असे कोटींचे आकडे वाचून कोणीतरी गिऱ्हाईक शोधायला निघतो आणि आत जातो. शौकीन माणूस आणि तस्कर यांतला फरक पोलिसांना पहिल्या दिवशी दिसेलच, या भरवशावर राहू नये.

हे फक्त भारतातलं नाही. मूलद्रव्यांचा संग्रह करणाऱ्या सिडनीच्या एका तरुणाने परदेशातून प्लुटोनियमचा अत्यल्प नमुना मागवला, त्याबद्दल २०२५ मध्ये न्यायालयाने त्याला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं.

फिरताना संशयास्पद दगड सापडला तर? उचलू नका, फोटो आणि ठिकाण नोंदवा, अणुखनिज संचालनालयाला कळवा. मुख्यालय हैदराबादला, मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात.

मध्यममार्गी

सगळं वाचलं. तरी मला हा छंद आपमतलबी वाटतो. उद्या घराला आग लागली तर अग्निशमनवाल्यांना कोण सांगणार आत काय आहे? आणि तुमच्या पश्चात? मुलं अडगळ समजून भंगारात देतील. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये काय झालं आठवतंय ना? विद्यापीठाने जुनं यंत्र लिलावात काढलं, आत कोबाल्ट-६० होता, भंगारातला एक माणूस जिवानिशी गेला.

खडकवेडा

मायापुरीची तुलना पटत नाही. प्रयोगशाळेतला कोबाल्ट-६० चा स्रोत आणि माझे दगड यांच्या तीव्रतेत लाखो-कोटी पटींचा फरक आहे. पण पश्चात काय, हा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि आमच्यातले बहुतेक जण त्याचा विचारच करत नाहीत. २०१९ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या संग्रहालय-इमारतीत युरेनियमच्या खनिजाच्या बादल्या वर्षानुवर्षं पडून होत्या असं बाहेर आलं. राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी जर असं होतं, तर माझ्या गॅरेजची काय कथा.

मी केलंय ते असं: प्रत्येक डबीवर खनिजाचं नाव, ठिकाण आणि किरणोत्साराचं चिन्ह. पेटीच्या झाकणावर यादी. तीच यादी बायकोकडे आणि मृत्युपत्राच्या कागदांत. एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाशी बोलून ठेवलंय, ते घेतील म्हणाले. त्यांना ठिकाणाची नोंद नसलेला दगड नको असतो, म्हणून नोंदी आत्तापासून नीट.

मध्यममार्गी

हे मूळ लेखात हवं होतं. बाकी माझा आक्षेप कायम.

अर्धायुषी

मी सोलापूरकडे शाळेत विज्ञान शिकवते. वकीलसाहेबांचं वाचून पोरं हिरमुसतील, म्हणून लिहिते: दगडाशिवायही सगळी मजा करता येते. आम्ही करतो. फक्त एक गायगर काउंटर लागतो.

पहिला प्रयोग फुग्याचा. फुगा फुगवून लोकरीवर चांगला घासायचा आणि बंद, न वापरत्या खोलीत तासभर टांगायचा. हवेतल्या रेडॉनपासून बनलेले शिसं-२१४, बिस्मथ-२१४ असे अणू धुळीला चिकटून असतात, ते विद्युतभारित फुग्यावर गोळा होतात. मग फुगा सोडून चुरगाळून काउंटरच्या नळीजवळ धरायचा. टिकटिक वाढलेली ऐकून वर्ग एकदम गप्प होतो. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा, त्यातून नेहमीचा पार्श्वभूमीचा आकडा वजा करायचा आणि आलेख काढायचा.

दुसरा पावसाचा. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतर सर आली की तिच्या सुरुवातीलाच गाडीचं बॉनेट टिशूने पुसायचं आणि तो टिशू लगेच मोजायचा. तेच अणू पावसाने हवेतून धुऊन खाली आणलेले असतात. दोन-तीन तासांत टिशू पुन्हा साधा टिशू.

तिसरं क्लाउड चेंबर. काचेची बरणी, वर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला फेल्ट, खाली काळा पत्रा आणि त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस. बाजूने टॉर्च मारला की धुक्याच्या रेघा दिसायला लागतात. जाड आखूड रेघ अल्फाची, बारीक वेडीवाकडी बीटाची, लांब सरळ बहुधा आकाशातून आलेल्या म्युऑन नावाच्या कणाची. आत काहीही ठेवावं लागत नाही. अल्कोहोल पेट घेतं म्हणून जवळ ज्योत नको, ड्राय आइसला जाड हातमोजे, आणि खिडक्या उघड्या.

खडकवेडा

वा! मास्तरीणबाई, तुम्ही माझ्या पेटीची किंमत उतरवलीत. खरं सांगायचं तर दगड जवळ असूनही मी सर्वांत जास्त वेळ क्लाउड चेंबरसमोरच बसतो.

आगाऊ_कार्टा

स्मोक डिटेक्टर फोडून त्यातलं अमेरिसियम चेंबरमध्ये ठेवलं तर? व्हिडिओत बघितलंय.

ट्रॉम्बे_निवृत्त

नाही. त्या चकतीवरचा सोन्याचा मुलामा ओरखडला की तुझ्या टेबलावर अल्फा स्रोत पसरला, आणि तो पुसून निघाला की नाही हे साध्या काउंटरने धड कळतही नाही. मिशिगनमधल्या डेव्हिड हान नावाच्या शाळकरी मुलाने स्मोक डिटेक्टर आणि मँटल जमवून आईच्या घरामागच्या शेडमध्ये अणुभट्टी करायचा उद्योग केला होता. १९९५ मध्ये सरकारी पथकाने ती शेड पाडून किरणोत्सारी कचरा म्हणून पुरली. दगड ठेवणं आणि दगडातून काही काढणं यांच्यामध्ये जी रेषा आहे, तिच्या पलीकडे छंद नाही.

सासवडची_सून

दगड गॅरेजमध्ये गेला. तेही आता हा धागा वाचतायत, आणि लोकरीचा स्वेटर शोधतायत. आमच्या बेसमेंटमध्ये फुग्याचा प्रयोग केला तर रेडॉन किती आहे ते कळेल का?

अर्धायुषी

किती ते नाही कळणार, आहे एवढंच कळेल. आकड्यासाठी रेडॉनचा रीतसर चाचणी-संच आणा. अमेरिकेत लिटरला ४ पिकोक्युरी, म्हणजे घनमीटरला १४८ बेकरेल, याच्या वर गेलं की उपाय करा म्हणतात. बेसमेंट असेल तर दगड असो वा नसो, चाचणी कराच.

कोकणी_गजाली

ताई, मी काल फुगा टांगला. काही नाही. काउंटर ढिम्म. घासून घासून हात दुखले.

अर्धायुषी

रत्नागिरीत, आत्ता, पावसाळ्यात? दमट हवेत फुग्यावरचा भार मिनिटभरही टिकत नाही. शिवाय कौलारू घर असेल तर हवा खेळती, रेडॉन साठतच नाही. डिसेंबरपर्यंत थांबा, नाहीतर एक्झॉस्ट फॅनच्या आतल्या बाजूला पातळ कागदी फिल्टर लावून तासभर फॅन चालवा आणि तो कागद मोजा. भार लागत नाही, हवा आपोआप गाळली जाते. आणि तुमच्याकडे पावसाला तोटा नाही, पण टिशूच्या प्रयोगाला मध्ये चार-पाच कोरडे दिवस मिळायला हवेत.

कोकणी_गजाली

चार दिवस उघडीप? गणपतीनंतर बघू.